एका प्रत्ययातले मन

इटालियन, स्पॅनिश आणि पोर्तुगीज या तिन्ही भाषांत 'हळू' हे क्रियाविशेषण एकाच शब्दाने सांगतात: लेंतामेंते. कातालानमध्ये त्याचा शेवटचा स्वर गळून 'लेंतामेंत' होते. फ्रेंच आणखी पुढे गेली, तिथे उच्चारात 'लाँत्माँ' एवढेच उरले. 'लेंता' म्हणजे मंद आणि 'मेंते' हा प्रत्यय. तो विशेषणाला लावला की क्रियाविशेषण तयार होते. व्याकरणाची पाठ्यपुस्तके इथेच थांबतात, आणि भाषा शिकणाऱ्याला तेवढे पुरतेही.

पण दोन हजार वर्षांपूर्वी 'मेंते' हा प्रत्यय नव्हता, चांगला स्वतंत्र शब्द होता. लॅटिनमध्ये 'मेन्स' म्हणजे मन, बुद्धी, आणि 'मेंते' हे त्याचे आपल्या तृतीयेचे काम करणारे रूप, म्हणजे 'मनाने'. हा लॅटिन शब्द आपल्याला परका नाही. संस्कृतातली 'मति' आणि लॅटिनमधला 'मेन्स' ही एकाच आदिम शब्दाची दोन रूपे आहेत, आणि इंग्रजीतला 'माइंड'ही त्याच घरातला. तेव्हा 'लेंतामेंते' मुळात 'मंद मतीने' होते. मराठीत 'मंदमती' म्हटले की तो माणसाच्या बुद्धीवर शेरा ठरतो. तिकडे मात्र नदी मंद मतीने वाहते, ज्वर मंद मतीने उतरतो, दार मंद मतीने उघडते, आणि यातल्या कशालाही मन असावे अशी कोणाची अपेक्षा नसते. ज्यांना मन नाही त्यांच्याही क्रियेला 'मनाने' हा शब्द कसा चिकटला, या प्रश्नाने मला बराच काळ धरून ठेवले आहे. त्याचे उत्तर शोधताना एका प्रत्ययाची गोष्ट तर कळतेच, पण भाषेतले व्याकरण मुळात येते कुठून, याविषयीचा युरोपातला दोनशे वर्षांचा विचारही उलगडतो.

अभिजात लॅटिनला क्रियाविशेषणांसाठी 'मेंते'ची गरज नव्हती. तिचे स्वतःचे प्रत्यय होते. 'क्लारुस' म्हणजे स्पष्ट, त्यावरून 'क्लारे' म्हणजे स्पष्टपणे. 'फोर्तिस' म्हणजे बळकट, त्यावरून 'फोर्तितेर'. पण रोजच्या बोलण्यात शब्दांच्या शेवटच्या स्वरांतले भेद पुसट होत गेले, आणि 'क्लारे'सारखे रूप क्रियाविशेषणाचे की विशेषणाच्याच एखाद्या विभक्तीचे, हे नुसते ऐकून ओळखणे अवघड होऊ लागले. तेव्हा बोलणाऱ्यांनी आडून सांगायला सुरुवात केली: अमुक रीतीने, अमुक चित्ताने, अमुक मनाने. ही युक्ती लॅटिनला जुनीच होती. 'माग्नो ओपेरे', म्हणजे 'मोठ्या कामाने', हे दोन शब्द एकत्र येऊन 'माग्नोपेरे' म्हणजे 'अत्यंत' असे क्रियाविशेषण लॅटिनमध्येच झाले होते. 'क्वो मोदो', म्हणजे 'कोणत्या रीतीने', यातून पुढे इटालियन 'कोमे' आणि स्पॅनिश 'कोमो' निघाले. म्हणजे काम, रीत, चित्त आणि मन असे निदान चार शब्द या जागेसाठी उभे होते. निवड झाली ती मनाची.

तीच का झाली, याचे सिद्ध उत्तर देता येत नाही. पण जुने पुरावे पाहिले तर एक दिशा दिसते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला कवी कातुलुस प्रेमभंगाच्या एका कवितेत स्वतःलाच बजावतो की आता हट्टी मनाने सोस. तिथे 'हट्टी' हे विशेषण आणि 'मेंते' हे नाम दोन्ही आपापल्या पूर्ण अर्थाने उभे आहेत. पुढच्या शतकात वक्तृत्वशास्त्राचा आचार्य क्विंतिलियन एखादे कृत्य चांगल्या मनाने झाले की वाईट, यावरून युक्तिवाद कसा बांधावा हे शिकवताना हाच शब्द वापरतो. तिथेही मन म्हणजे मनच आहे, कर्त्याचा हेतू. म्हणजे सुरुवातीला ही जोडी फक्त अशा विशेषणांशी जमत होती जी मनाला शोभतात: हट्टी, शांत, दुष्ट, निर्मळ. माणसाने काही कसे केले हे सांगताना बोलणारा आधी त्याच्या अंतःकरणाकडे बघतो, त्याच्या हातापायांकडे नंतर. रीत आणि काम हे शब्द कृतीला बाहेरून पाहतात. मन आतून पाहते, आणि मला वाटते तिथेच ते जिंकले.

मग 'मंद' आले. मंद मनाने चालणारा माणूस बाहेरूनही मंदच चालतो. म्हणून 'लेंता मेंते' ऐकणाऱ्याला मनाचा मंदपणा कळला काय किंवा पावलांचा कळला काय, व्यवहारात फरक पडत नव्हता. अशा दुहेरी जागीच अर्थ घसरतो. बोलणाऱ्याला मन अभिप्रेत असते, ऐकणारा रीत समजतो, आणि पुढे तोच ऐकणारा बोलणारा होतो तेव्हा तो हे शब्द फक्त रीत सांगण्यासाठी वापरतो. असे घडायला कोणाचा ठराव लागत नाही आणि कोणी ते घडताना पाहतही नाही.

तरीही या घसरणीचे एक पाऊल कागदावर उमटले आहे. आठव्या शतकात उत्तर फ्रान्समध्ये कोणीतरी एक शब्दसूची तयार केली. संत जेरोमने चौथ्या शतकाच्या अखेरीस केलेले बायबलचे लॅटिन भाषांतर आता लोकांना जड जाऊ लागले होते, म्हणून त्यातल्या कठीण शब्दांसमोर रोजचे शब्द लिहिले गेले. ही वही पुढे कॉन्स्टन्स सरोवरातल्या राइशेनाउ बेटावरच्या मठात होती, म्हणून तिला राइशेनाउची शब्दसूची म्हणतात. ती वाचताना एक भाषा मावळताना आणि दुसरी उगवताना एकाच पानावर दिसते. वटवाघळांच्या जुन्या लॅटिन शब्दासमोर 'टकले उंदीर' अशा अर्थाचे शब्द आहेत, आणि फ्रेंचमध्ये वटवाघळाला आजही 'टकला उंदीर'च म्हणतात. त्याच सूचीत 'सिंगुलारितेर' या जुन्या, '-तेर' प्रत्ययाच्या क्रियाविशेषणासमोर अर्थ दिला आहे: 'सोलामेंते'. फक्त. केवळ. इथे मनाला जागाच उरलेली नाही. 'फक्त' हे कोणाच्या मनाचे वर्णन असू शकत नाही. ज्याने ते लिहिले त्याच्या जिभेवर 'मेंते' हे नाम संपून प्रत्यय सुरू झाला होता.

नाम गेले तरी त्याच्या खुणा गेल्या नाहीत. लॅटिनमध्ये 'मेन्स' स्त्रीलिंगी होता, आपल्या मतीसारखाच. त्यामुळे त्याच्या आधीचे विशेषण स्त्रीलिंगी रूपात येई. स्पॅनिशमध्ये 'मंद' हे विशेषण पुल्लिंगी 'लेंतो' आणि स्त्रीलिंगी 'लेंता'. क्रियाविशेषण मात्र नेहमी 'लेंतामेंते', कर्ता पुरुष असो, बाई असो की आगगाडी. का, असे एखाद्या स्पॅनिश मुलाने विचारले तर आजच्या भाषेत त्याचे उत्तर नाही. उत्तर आहे ते लॅटिनमध्ये. फ्रेंचमध्ये तर याहून सूक्ष्म खूण आहे. 'लाँ' या पुल्लिंगी विशेषणाचे स्त्रीलिंगी रूप घेऊन 'लाँत्माँ' होते, पण 'कोंस्ताँ', म्हणजे स्थिर, याचे होते 'कोंस्तामाँ', आणि लिहिताना त्यात दोन 'म' येतात. शाळेतली फ्रेंच मुले हा नियम घोकतात. त्याचे कारण असे, की लॅटिनमध्ये या गटातल्या विशेषणांची पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी रूपे एकच होती, जुन्या फ्रेंचमध्येही ती वेगळी नव्हती, म्हणून 'माँ' त्या रूपाला थेट चिकटला आणि मधली व्यंजने 'म'मध्ये मिसळून गेली. लॅटिनमधला विशेषणांचा एक वर्ग अशा रीतीने शुद्धलेखनाच्या नियमात टिकून आहे.

स्पॅनिशमध्ये आणखी एक खूण कानाला ऐकू येते. त्या भाषेत शब्दाला एकच आघात असतो, पण '-मेंते'च्या क्रियाविशेषणांना दोन: एक विशेषणावर, एक 'मेन्'वर. 'रापिदामेंते' म्हणताना 'रा'ही जोरात येतो आणि 'मेन्'ही, जणू बोलणाऱ्याच्या जिभेला अजून आठवते आहे की हे दोन शब्द आहेत. स्पॅनिश अकादमीचा नियम विशेषणावरचे आघातचिन्ह क्रियाविशेषणातही ठेवायला सांगतो. पोर्तुगीजमध्येही असे चिन्ह लिहीत असत. ब्राझीलने ते १९७१ साली कायद्याने काढून टाकले आणि पोर्तुगालने त्यानंतर दोन वर्षांनी.

मला सर्वांत बोलका वाटतो तो दोन क्रियाविशेषणे 'आणि'ने जोडण्याचा प्रकार. 'स्पष्टपणे आणि थोडक्यात' असे म्हणायचे असेल तर स्पॅनिशमध्ये 'क्लारा ई कोन्सिसामेंते' म्हणतात. 'मेंते' एकदाच, शेवटी, दोन्ही विशेषणांसाठी. 'स्पष्ट आणि संक्षिप्त मनाने' अशी जुनी रचना जशीच्या तशी. पोर्तुगीजमध्येही तसेच. जुन्या वळणाच्या कातालानमध्ये उलट, 'मेंत' पहिल्या विशेषणाला आणि दुसरे तसेच मोकळे. जुन्या फ्रेंचमध्येही प्रत्यय एकदाच लावणे चालत असे. आजच्या फ्रेंच आणि इटालियनमध्ये चालत नाही. तिथे प्रत्येक विशेषणाला आपापला प्रत्यय हवा. एकाच लॅटिन शब्दाची ही लेकरे एकाच काळात वेगवेगळ्या पायऱ्यांवर उभी आहेत: स्पॅनिशमध्ये अर्धा शब्द, फ्रेंचमध्ये पूर्ण प्रत्यय. जे स्थित्यंतर काळाच्या ओघात घडले असे आपण म्हणतो, ते इथे नकाशावर शेजारी शेजारी मांडलेले दिसते.

रुमानियन या रांगेत येत नाही. ती लॅटिनचीच लेक, पण तिने हा प्रत्यय उचलला नाही. ती विशेषणाचे साधे रूपच क्रियाविशेषण म्हणून वापरते. मात्र तिथे 'मिंते' हा शब्द मन या अर्थाने जिवंत आहे, लक्षात ठेवणे म्हणजे 'मिंते धरणे'. फ्रेंचमध्ये नेमके याच्या विरुद्ध झाले. हजारो क्रियाविशेषणांत मन शिरले, पण मन या अर्थाचा तो शब्द भाषेतून नाहीसा झाला आणि त्याची जागा 'एस्प्री'ने घेतली.

फ्रेंचमध्ये या प्रत्ययाचे एक तोतया भावंडही आहे. इंग्रजीतून आपल्याकडे आलेले पार्लमेंट, डिपार्टमेंट, अपार्टमेंट, पेमेंट हे शब्द पाहा. त्यांतला 'मेंट' मनाचा नव्हे. तो लॅटिनच्या '-मेंतुम' या नामे घडवणाऱ्या प्रत्ययातून आला आहे आणि त्याचा अर्थ साधन किंवा फलित. सिमेंटही त्यातलेच, फोडलेल्या दगडाची खडी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेले. या '-मेंतुम'चे आपल्याकडचे नातेवाईक म्हणजे कर्मन्, जन्मन्, नामन् यांतला '-मन्'. फ्रेंच लिपीत दोन्ही 'मेंट' अक्षरशः सारखे दिसतात आणि उच्चारही एकच, पण एकाच्या पोटी मती आहे आणि दुसऱ्याच्या पोटी कर्म.

आता युरोपच्या उत्तर भागाकडे वळू. तिथल्या जर्मानिक भाषांनी याच कामासाठी मनाऐवजी देह निवडला, आणि हा योगायोग मला अद्भुत वाटतो. इंग्रजी 'स्लोली', 'क्लिअरली' यांतला 'ली', जर्मनचा 'लिश', डचचा 'लेक', स्वीडिशचा 'लिग' हे सारे देह या अर्थाच्या एकाच जुन्या शब्दाचे वंशज. चौथ्या शतकात वुल्फिला या धर्मगुरूने बायबल गॉथिक भाषेत नेले, त्या भाषेत देहाला 'लीक' म्हणत. जुन्या इंग्रजीतही 'लीक' म्हणजे शरीर. पुढे त्याचा अर्थ आक्रसून प्रेत एवढाच राहिला. जर्मनमध्ये प्रेताला 'लाइखे' म्हणतात, आणि डचमध्ये प्रेत हा शब्द व हा प्रत्यय लिहायला तंतोतंत एकसारखे आहेत. इंग्लंडमधल्या जुन्या चर्चच्या आवाराला छप्पर असलेले एक दार असते. धर्मगुरू येईपर्यंत तिथे तिरडी टेकवत. त्याला अजून 'लिचगेट' म्हणतात, म्हणजे प्रेताचे दार.

देहाचा प्रत्यय होण्याची वाट मनापेक्षा वेगळी होती. देह म्हणजे आकार, आकार म्हणजे दिसणे. जुन्या इंग्रजीत 'मित्रदेही' म्हणजे मित्रासारखा दिसणारा, वागणारा. त्यातून 'फ्रेंडली'. 'सारखा' या अर्थाचा इंग्रजी 'लाइक' मुळात 'समान देहाचा'. 'विच' म्हणजे 'कोण-देही' आणि 'सच' म्हणजे 'तसा-देही'. संस्कृतने याच जागी डोळ्याचा आधार घेतला: कीदृश, तादृश, यांत पाहण्याचा 'दृश्' धातू आहे. इंग्रजीत विशेषणाच्या 'लीक'ला आणखी एक 'ए' जोडून क्रियाविशेषण करत. तो 'ए' झिजून गेला आणि विशेषण व क्रियाविशेषण एकरूप झाले, म्हणून 'फ्रेंडली' हे विशेषण आणि 'स्लोली' हे क्रियाविशेषण एकाच शेपटाचे दिसतात. 'लाइकली' या शब्दात तर तोच देह दोनदा आला आहे, एकदा शब्द म्हणून, एकदा प्रत्यय म्हणून. आणि जुना 'लीक' ओळखू न येण्याइतका बदलल्यावर इंग्रजीने तोच शब्द नव्याने जोडायला घेतला: 'चाइल्डलाइक', 'लेडीलाइक'.

जर्मन मात्र इथेही थांबली नाही. तिने रीत या अर्थाचा 'वाइझे' उचलला. 'ग्ल्युकलिशर वाइझे', म्हणजे 'सुदैवी रीतीने', हे दोन शब्द जुळून एक झाले, आणि रीत स्त्रीलिंगी असल्यामुळे तिच्या षष्ठीचा 'एर' मध्ये अडकून राहिला, स्पॅनिशमधल्या 'लेंता'च्या 'आ'सारखाच. हजार वर्षांच्या अंतराने, दुसऱ्याच शाखेतल्या भाषेत, तीच घडामोड आणि तशीच खूण.

इतके सगळे पुरावे समोर असताना प्रत्यय हे झिजलेले शब्द असतात, हे उमगायला युरोपला वेळ का लागला? कारण लोकांना ते तसे असावे असे वाटत नव्हते. इंग्लंडमधल्या जॉन हॉर्न टूकने १७८६ साली 'द डायव्हर्शन्स ऑफ पर्ली' हा ग्रंथ काढला आणि त्यात मांडले की अव्यये आणि प्रत्यय ही भाषेची गूढ अंगे नव्हेत, ते घाईने बोलताना आखूड झालेले नाम आणि क्रियापद आहेत. 'ली' म्हणजे 'लाइक'च, हे त्याने सरळ सांगितले. टूक राजकारणातही बंडखोर होता. १७९४ साली त्याच्यावर राजद्रोहाचा खटला चालला आणि ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. त्याच्या बऱ्याच व्युत्पत्त्या पुढे चुकीच्या ठरल्या, पण मूळ सूत्र खरे होते.

त्याच्या विरुद्ध टोकाला होता जर्मनीतला फ्रीडरिश श्लेगेल. पॅरिसमध्ये अलेक्झांडर हॅमिल्टनकडे तो संस्कृत शिकला आणि १८०८ साली त्याने भारतीयांच्या भाषेवर आणि ज्ञानावर पुस्तक लिहिले. संस्कृत आणि ग्रीकसारख्या भाषांचे धातू म्हणजे जिवंत बीज, त्यांची रूपे आतून उमलतात, असे त्याचे म्हणणे. बाहेरून तुकडे जोडून रूपे करणाऱ्या भाषा त्याच्या लेखी खालच्या पायरीवरच्या. संस्कृतची ही स्तुती आपल्याला सुखावते, पण ती स्वीकारली की उरलेल्या जगाच्या भाषा कनिष्ठ ठरतात, आणि तिच्या मागून पुढे वंशश्रेष्ठत्वाचे जे विचार आले ते आपल्याला ठाऊक आहेत. म्हणून हा वाद मला कधीच केवळ व्याकरणाचा वाटला नाही.

श्लेगेलला उत्तर संस्कृतातूनच मिळाले. नलोपाख्यान लॅटिन भाषांतरासह १८१९ साली लंडनमध्ये छापणारा फ्रांट्स बॉप हाही पॅरिसमध्येच संस्कृत शिकला होता. १८१६ साली त्याने संस्कृत क्रियापदांची ग्रीक, लॅटिन, फार्सी आणि जर्मानिक भाषांशी तुलना प्रसिद्ध केली. पुढे त्याने दाखवायचा प्रयत्न केला की 'अस्मि', 'अस्ति' यांतले 'मि' आणि 'ति' ही मुळात सर्वनामे आहेत. म्हणजे सर्वांत उमललेल्या समजल्या जाणाऱ्या भाषेतली रूपेही जोडणीतूनच झालेली. त्याची पकड कधी कधी सैल होती. लॅटिन कर्मणी रूपातला 'र' त्याने आत्मवाचक सर्वनामाचा अवशेष मानला, आणि पुढे हित्ती व तोखारी या विसरलेल्या भाषा सापडल्या तेव्हा तसाच 'र' तिथेही निघाला आणि ती उपपत्ती कोसळली. बॉप लिखित पुराव्याच्या पलीकडच्या काळाबद्दल बोलत होता, तिथे असे होणारच. 'मेंते'चे मोल इथे कळते. तिच्यात आधीची अवस्थाही लिहिलेली आहे, नंतरचीही, आणि मधली पायरी राइशेनाउच्या वहीत आहे. फ्रीडरिश डीत्सने १८३६ पासून रोमान्स भाषांचे ऐतिहासिक व्याकरण लिहायला घेतले, तेव्हापासून प्रत्ययांच्या जन्माची चर्चा अंदाजावरून कागदपत्रांवर आली.

१८९१ साली गेओर्ग फॉन डेर गाबेलेंट्सने याला एक सुंदर दाखला दिला. भाषेतली रूपे म्हणजे सरकारी नोकर, असे तो म्हणतो. त्यांची भरती होते, बढती मिळते, पुढे अर्ध्या पगारावर ठेवतात, शेवटी निवृत्त करतात, आणि बाहेर नवे उमेदवार रांग लावून उभेच असतात. 'क्लारे' निवृत्त झाले, 'मेंते' भरती झाली. या घडामोडीला नाव मिळायला मात्र १९१२ उजाडावे लागले. पॅरिसचा आंत्वान मेये याने त्या वर्षीच्या एका लेखात 'ग्रामातिकालिझासिओं' हा शब्द घडवला: स्वतंत्र शब्दाने व्याकरणाचे काम पत्करणे. झीज आणि घडण या दोन विरुद्ध गोष्टी नाहीत, हे त्याने ठसवले. लॅटिनची झीज म्हणून ज्याची शतकानुशतके हळहळ केली गेली, त्या झिजेतच फ्रेंच आणि स्पॅनिशचे व्याकरण तयार होत होते.

याच मेयेचा शिष्य झ्यूल ब्लोक. त्याने प्रबंधासाठी भाषा घेतली ती मराठी. पहिल्या महायुद्धाच्या तोंडाशी लिहून झालेला त्याचा ग्रंथ १९२० साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला, आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो 'मराठी भाषेचा विकास' या नावाने मराठीत आणला. आजच्या मराठीकडे त्या परंपरेच्या नजरेने पाहिले की 'मेंते'च्या बहिणी जागोजागी भेटतात. 'पावसामुळे' यात झाडाचे मूळ आहे. 'रागापोटी' यात पोट आहे, जर्मानिक भाषांतल्या देहासारखे, पण अजून ओळखू येणारे. 'सोबत' हा अरबी शब्द फार्सीमार्गे संगत या अर्थाने आला. तो आजही नाम आहे आणि 'माझ्यासोबत' म्हणताना नाम नाहीही. 'बद्दल' तिकडूनच आला, त्याचा मूळ अर्थ मोबदला, अदलाबदल, आणि आज 'तुझ्याबद्दल' बोलताना कोणताही सौदा नसतो. स्पॅनिश 'मेंते' ज्या उंबरठ्यावर आहे त्याच उंबरठ्यावर हे शब्द आपल्या डोळ्यांदेखत उभे आहेत.

आता पुन्हा त्या हरवलेल्या मनाकडे. प्रत्यय झाल्यावर ते खरोखर संपले का? अर्थ विरळ होत जातो आणि शेवटी काही उरत नाही, असे दीर्घकाळ मानले गेले. फ्रेंच बोलीत 'व्हाश्माँ' म्हणजे शब्दशः 'गाईच्या मनाने', आणि त्याचा अर्थ आहे 'खूप'. हे पाहून तसे वाटतेही. पण १९८०च्या दशकात स्टॅनफर्डच्या एलिझाबेथ ट्रॉगॉट यांनी एक वेगळी दिशा दाखवली. अर्थ केवळ विरत नाही, तो कर्त्याकडून बोलणाऱ्याकडे सरकतो. 'मेंते'ला हे किती चपखल लागू पडते! कातुलुसच्या ओळीत मन सोसणाऱ्याचे होते. 'लेंतामेंते'त ते कोणाचेच राहिले नाही, फक्त क्रियेची रीत उरली. पण फ्रेंचमध्ये 'मालरझ्माँ तो आला नाही' असे म्हटले, म्हणजे 'दुर्दैवाने तो आला नाही', तेव्हा दुर्दैवी काय आहे? त्याचे न येणे नव्हे, त्याचे मनही नव्हे. खंत आहे ती बोलणाऱ्याला. स्पॅनिश 'सेगुरामेंते' तर याहून पुढे गेला. मुळात 'निर्धोकपणे', मग 'खात्रीने', आणि आज रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ 'बहुधा'. खात्री ही वस्तुस्थितीची राहिली नाही, बोलणाऱ्याच्या अंदाजाची झाली.

लेखकांना या शब्दांचा जो राग येतो त्याचे कारण मी इथेच शोधतो. गाब्रिएल गार्सिया मार्केस यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे की '-मेंते'ची क्रियाविशेषणे ही भाषेला दरिद्री करणारी सवय आहे असे त्यांना वाटू लागले आणि ती दिसतील तिथे ते काढून टाकू लागले. स्टीफन किंगने २००० साली लेखनकलेवरच्या पुस्तकात इंग्रजी 'ली'विरुद्ध असाच मोर्चा लावला. दोघेही कथालेखक, आणि कथेत या प्रत्ययाबरोबर बहुतेकदा निवेदक मध्ये येऊन पात्राचा भाव आपल्या तोंडाने सांगून टाकतो. मार्केस यांच्या गद्याला त्या नियमाने धार आली, हे मान्य. भाषा म्हणून दारिद्र्याचा आरोप मात्र मला पटत नाही. बोलणाऱ्याला आपली खंत, आपला अंदाज, आपला प्रांजळपणा वाक्याच्या दाराशीच ठेवता यावा, ही सोय या प्रत्ययानेच दिली.

इंग्रजीत या सोयीवरून मोठा वाद झाला. 'होपफुली' म्हणजे 'आशेने', कर्त्याच्या आशेने. विसाव्या शतकात ते 'आशा आहे की' या अर्थाने, बोलणाऱ्याची आशा म्हणून, सर्रास येऊ लागले तेव्हा शुद्धतेच्या रखवालदारांनी, विशेषतः १९६०च्या दशकापासून, त्याच्यावर तुटून पडायला सुरुवात केली. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेने हा वापर स्वीकारला तो २०१२ साली. जर्मन लोकांना या भांडणाचे नवल वाटले असेल. त्यांच्या 'होफेंटलिश'ला 'आशा आहे की' याखेरीज दुसरा अर्थच नाही. त्या शब्दाच्या टोकाला तोच 'लिश' आहे, तोच जुना देह, आणि तो आता ज्याची आशा सांगतो आहे तो माणूस वाक्यात कुठेच नाही. तो ते वाक्य बोलतो आहे.